ऑक्टोबरात आधी बेसबॉल, मग फुटबॉल

प्रश्न असा आहे: "नोकरीसाठी गेल्या वर्षी फिलाडेल्फियाला आलो. उन्हाळ्यात बेसबॉलची गोडी लागली, तोच सप्टेंबरात इथला फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, सुरू झाला आणि ऑफिसातले निम्मे लोक तिकडे वळले. ऑक्टोबरात तर बेसबॉलचे प्लेऑफ (बाद फेऱ्या) आणि एनएफएलचे, म्हणजे फुटबॉल लीगचे सामने एकाच संध्याकाळी येतात. दोन्ही नीट बघता येतात का, की एकच धरायचा? आणि माझा पुण्यातला भाऊ पहाटे उठून बघतो, त्याला काय सांगू?"

मी १९९९ पासून याच शहराच्या उपनगरात राहतो. इथला बेसबॉल संघ फिलीज माझा आणि फुटबॉल संघ ईगल्सही माझाच. २००७ पासून फिलीजच्या प्लेऑफमधल्या प्रत्येक सामन्याचं स्कोअरबुक मी हाताने लिहीत आलोय, आणि शनिवारी मुलांच्या लीगमध्ये अंपायर म्हणून उभा राहतो. एवढ्या वर्षांनंतर माझं मत पक्कं झालंय. दोन्ही खेळांवर मनापासून प्रेम करता येतं, पण दोन्ही एकाच वेळी बघता येत नाहीत. ऑक्टोबरात संघ जिवंत असेपर्यंत बेसबॉल थेट बघा, फुटबॉल उरलेल्या वेळात बघा.

याचं कारण २०२४ च्या ऑक्टोबरात फार स्पष्ट दिसलं. ईगल्सनी पहिल्या चार सामन्यांत दोन जिंकले, दोन हरले आणि त्यांचा सुट्टीचा आठवडा आला. शहर वैतागलं होतं, रेडिओवर प्रशिक्षकाला काढा म्हणून फोन येत होते. त्याच आठवड्यात फिलीजची न्यूयॉर्कच्या मेट्सविरुद्धची प्लेऑफची मालिका होती. ५ ऑक्टोबरला सुरू झाली आणि ९ ऑक्टोबरला मेट्सच्या लिंडोरच्या ग्रँड स्लॅमने (तिन्ही बेसवर धावपटू असताना मैदानाबाहेर मारलेला फटका) संपली. चार सामने, पाच दिवस, आणि १६२ सामने खेळून उभं केलेलं वर्ष गेलं. ईगल्सचं काय झालं? सुट्टीनंतर ओळीने दहा सामने जिंकले आणि ९ फेब्रुवारी २०२५ ला कॅन्सस सिटीला ४०-२२ हरवून सुपर बोल, म्हणजे फुटबॉलचं विजेतेपद घेतलं. ऑक्टोबरातल्या फुटबॉल संघाच्या हातात सुधारायला चार महिने असतात. बेसबॉल संघाकडे कधी तीन दिवस असतात, कधी तीन इनिंग.

ऑफिसातले मित्र यावर म्हणतील की एनएफएलमध्ये प्रत्येक सामन्याला वजन असतं. खरंच आहे. १७ सामन्यांतला एक म्हणजे बेसबॉलच्या १६२ मधले साडेनऊ. जूनमध्ये हा मुद्दा कोणी काढला तर मी मान्य करीन. मंगळवारी हरलं तर बुधवारी पुन्हा सामना असतोच. पण ऑक्टोबर लागला की हे गणित उलटं होतं. पहिल्या फेरीत तीनपैकी दोन सामने जिंकायचे, दुसरीत पाचपैकी तीन, मग लीगची अंतिम फेरी आणि विजेतेपदाची वर्ल्ड सिरीज यांत सातपैकी चार. पाचच्या मालिकेतला एक पराभव फुटबॉलच्या कुठल्याही ऑक्टोबरातल्या पराभवापेक्षा जास्त महाग पडतो.

मुळात ही टक्कर पूर्वी एवढी नव्हती. १९६८ पर्यंत बेसबॉलच्या दोन लीगचे विजेते थेट वर्ल्ड सिरीज खेळायचे. ऑक्टोबरच्या पहिल्या दहा-बारा दिवसांत सगळं आटोपायचं, तेही दिवसाउजेडी. १९६९ मध्ये लीगची अंतिम फेरी आली, १९७१ मध्ये वर्ल्ड सिरीजचा एक सामना पहिल्यांदाच रात्री झाला, १९९५ मध्ये आणखी एक फेरी वाढली, आणि २०२२ पासून १२ संघ प्लेऑफला जातात. इकडे फुटबॉलही पसरत गेला. १९७० मध्ये सोमवारची रात्र घेतली, २००६ पासून गुरुवारची, आणि २०२१ मध्ये सामने १६ चे १७ केले. बेसबॉल शेवटाकडून लांबला आणि फुटबॉलने आठवड्याचे वार व्यापले. आज ऑक्टोबरात गुरुवार, रविवार, सोमवार या तिन्ही रात्री दोघं समोरासमोर असतात.

मग ऑफिसातले लोक का वळतात? बेसबॉल कंटाळवाणा झाला म्हणून, असं जे सांगतात ते मला पटत नाही. बेसबॉलचं नातं गावाशी असतं. आपला संघ, आपले समालोचक, एप्रिलपासून रोज संध्याकाळची सोबत. ३० पैकी १८ संघ सप्टेंबरअखेर घरी बसतात आणि ऑक्टोबरच्या मध्यावर चारच उरतात. ज्याचा संघ गेला, त्याची ती रोजची सोबतच तुटते. सिएटलचा सामना बघायला फिलाडेल्फियाच्या माणसाला वेगळं प्रेम लागतं. फुटबॉलमध्ये मात्र ऑक्टोबरात ३२ च्या ३२ संघ जिवंत असतात, आठवड्यातून एकच सामना असल्याने दुसऱ्या गावाचे सामने बघायची सवय झालेली असते, आणि फँटसी लीगमुळे (खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ करून खेळायचा खेळ) परक्या संघाचा पास झेलणाराही आपला वाटतो. म्हणून देशभराचे आकडे फुटबॉलच्या बाजूने झुकतात. तुमच्या गावाचा संघ खेळत असेल तेव्हा चित्र वेगळं असतं. २०२२ च्या ऑक्टोबरात आमच्या गल्लीत प्रत्येक खिडकीत फिलीजचं लाल होतं.

तुम्ही नेमके त्या शहरात आलात जिथे हे दोन खेळ शेजारी राहतात, हे तुमचं भाग्य. सिटिझन्स बँक पार्क आणि लिंकन फायनान्शियल फील्ड यांच्या मध्ये फक्त रस्ता आणि पार्किंग आहे. २६ ऑक्टोबर २००८ चा रविवार मी विसरणार नाही. दुपारी एकला ईगल्स विरुद्ध अटलांटा, रात्री फिलीज विरुद्ध टँपा बे, वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना. आम्ही ब्रॉड स्ट्रीट लाइनने शेवटच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले असतील. जिन्याने हिरवे, म्हणजे ईगल्सवाले लोक खाली येत होते आणि लाल, म्हणजे फिलीजवाले लोक वर चढत होते. हिरवे सामना जिंकून आलेले, २७-१४. एका आजोबांनी हिरवं जॅकेट काढून पिशवीत कोंबलं, खालून लाल स्वेटशर्ट निघाला, आणि ते आमच्याच बरोबर मागे फिरले. त्या रात्री फिलीज १०-२ जिंकले. खुद्द पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा जो ब्लँटन, त्याने होमरन मारला. दुसऱ्या रात्री पाचवा सामना सहाव्या इनिंगमध्ये २-२ वर असताना पावसाने थांबला. तो पुढे चालू झाला दोन दिवसांनी, २९ तारखेला. मधल्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. अर्धवट राहिलेलं स्कोअरबुकचं पान मी देवापाशी ठेवलं होतं. २९ ला ब्रॅड लिजने शेवटचा स्ट्राइकआउट घेतला आणि १९८० नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज आमच्या घरी आली.

दोन्ही सामने एकदम का बघता येत नाहीत, त्याचं उत्तर खेळांच्या लयीत आहे. फुटबॉलचा प्रत्येक प्ले, म्हणजे एकेक चाल, स्वतःत पूर्ण असतो. पडद्याच्या कडेला लिहिलेलं असतं: तिसरा डाउन (प्रयत्न), सात यार्ड बाकी, चौथा क्वार्टर, वेळ इतकी, गुण इतके. तुम्ही त्या क्षणी खोलीत आलात तरी पुढच्या पाच-सहा सेकंदांत जे होणार आहे त्याचा पूर्ण आनंद घेऊ शकता. बेसबॉलच्या पडद्यावरही काउंट (बॉल आणि स्ट्राइक किती झाले ते), आउट आणि बेसवरचे रनर दिसतात, पण खरी गोष्ट तिथे नसते. या पिचरने याच बॅटरला तिसऱ्या इनिंगमध्ये काय टाकलं होतं, आधीचे दोन चेंडू आत टाकलेत म्हणजे आता बाहेर येणार का, कॅचर कुठे सरकलाय, हे सगळं आधीपासून बघत आलेल्यालाच कळतं. चेंडूंच्या मधला वेळ रिकामा नसतो, सामना तिथेच घडत असतो. नेमका तोच वेळ रिकामा समजून आपण रिमोट उचलतो.

२३ ऑक्टोबर २०२२ ची फिलीजच्या ब्राइस हार्परची ती पाळी घ्या. सान डिएगोविरुद्ध पाचवा सामना, पाऊस, चेंडू ओला, फिलीज २-३ ने मागे, आठवी इनिंग, आमचा रियलम्युटो पहिल्या बेसवर. समोर रॉबर्ट सुआरेझ, ताशी ९८-९९ मैलांनी टाकणारा. हार्पर डावखुरा. दोन स्ट्राइक झाल्यावर तो आवडीच्या चेंडूची वाट बघत उभा राहिला नाही. जे येईल त्याला बॅट लावत, फाउल काढत (चेंडू रेषेबाहेर घालवत) टिकून राहिला. काउंट २-२, सातवा चेंडू बाहेरच्या कडेला, आणि त्याने तो उजवीकडे ओढला नाही. जिकडे होता तिकडेच, डाव्या मैदानाच्या प्रेक्षकांत पाठवला. नुसता शेवटचा चेंडू बघणाऱ्याला एक होमरन दिसला. सातही चेंडू बघणाऱ्याला बॅटर हळूहळू वेळ जुळवत आणताना दिसला, आणि चेंडू बॅटवर येण्याआधीच आमच्या दिवाणखान्यात सगळे उभे राहिले होते. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. बायकोने चकल्यांचा शेवटचा घाणा कढईत सोडला होता, तो तसाच काळा झाला, आणि ती म्हणाली, राहू दे, या घाण्याची आठवण राहील. त्या रविवारी ईगल्सचा सुट्टीचा आठवडा होता, म्हणून कोणाचंच लक्ष दुसरीकडे नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मात्र लक्ष वाटलं गेलं. ३१ ऑक्टोबरला ह्यूस्टनविरुद्धचा वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना पावसाने एक दिवस पुढे गेला आणि सगळं वेळापत्रक एका दिवसाने सरकलं. पाचवा सामना आला ३ नोव्हेंबरला, गुरुवारी, आणि त्याच रात्री ईगल्सचा सामना होता, तोही ह्यूस्टनमध्येच. ह्यूस्टनचा बेसबॉल संघ आमच्या गावात, आमचा फुटबॉल संघ त्यांच्या गावात. ईगल्स २९-१७ जिंकले आणि आठपैकी आठ झाले. फिलीज २-३ ने हरले. मी त्या रात्री फुटबॉलचा एकही प्ले बघितला नाही, शनिवारी दुपारी बघितला. मजा जराही कमी झाली नाही. पाचवा सामना शनिवारी बघून काहीच उपयोग नव्हता.

हा नियम मी एकदा मोडला, ९ ऑक्टोबर २०२५ ला. लॉस एंजलिसमध्ये डॉजर्सविरुद्ध चौथा सामना, हरलो तर वर्ष संपणार. संध्याकाळी सहाला सुरू झालेला सामना १-१ वर अकराव्या इनिंगमध्ये गेला. तोपर्यंत ईगल्सचाही जायंट्सविरुद्ध सामना सुरू झाला होता आणि तो मी फोनवर लावून शेजारी ठेवला. अकराव्या इनिंगमध्ये जायंट्सच्या एका प्लेवर फोनातून आरडाओरडा ऐकू आला, मी मान वळवली, आणि वर बघितलं तेव्हा डॉजर्सच्या मन्सीचा फटका पडून गेला होता, त्यांचा किम पहिल्या बेसवरून तिसऱ्यावर पोचला होता. मग आमचा पिचर कर्करिंग आला, त्याने वॉक (बॅटरला फुकटचा पहिला बेस) दिला, तिन्ही बेस भरले, दोन आउट. डॉजर्सच्या पाहेसने मारलेला चेंडू टप्पा घेत परत पिचरकडेच आला. त्याच्या हातून निसटला, पायाशी पडला. आमचा कॅचर रियलम्युटो पहिल्या बेसकडे बोट दाखवत होता. कर्करिंगने घाईत होमकडे फेकला, तो कॅचरच्या पलीकडे गेला, किम घरी आला आणि सगळं संपलं. २४ वर्षांचा मुलगा. गुडघ्यांवर हात ठेवून वाकला, आणि सहकारी एकेक करून त्याच्याजवळ आले. स्कोअरबुकात त्या चौकटीत ई-१ लिहिलंय, म्हणजे चूक, पिचरची. त्याच्या वरची मन्सीची चौकट कोरी आहे. काय झालं ते नंतर दहा वेळा बघितलं, पण ती मी भरलेली नाही. स्कोअरबुकात मी डोळ्यांनी बघितलेलंच लिहितो. आणि ज्यासाठी मान वळवली, तो सामनाही ईगल्स ३४-१७ हरले.

आता व्यवहाराचं. फुटबॉल रेकॉर्ड करा आणि दोन प्लेंच्या मधला वेळ पुढे ढकलत बघा. प्ले सुरू करायला ४० सेकंदांचं घड्याळ असतं आणि प्ले चालतो पाच-सात सेकंद. तीन तासांचा सामना तासाभरात नीट संपतो, काही चुकत नाही. उलट, सगळे प्ले लागोपाठ बघितल्यावर बचावफळी कशी बदलत गेली ते जास्त चांगलं कळतं. बेसबॉलला हे करू नका. २०२३ मध्ये पिच क्लॉक (चेंडू टाकायला ठरवून दिलेल्या सेकंदांचं घड्याळ) आल्यापासून तो आधीच सुटसुटीत झालाय, त्यातलं आणखी काही कापण्यासारखं उरलेलं नाही.

फोनवरच्या सगळ्या खेळांच्या सूचना बंद करा, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. इंटरनेटवरून सामना बघत असाल तर चित्र मैदानापेक्षा अर्धा-पाऊण मिनिट मागे असतं. चेंडू पिचरच्या हातात असतो आणि खिशात फोन थरथरून निकाल सांगतो. शेजारी केबलवाला असेल तर भिंतीपलीकडून आधी ओरडा येतो. त्याला इलाज नाही, त्यांच्याकडेच जाऊन बसा. आमची अशीच दोन घरांची ओळख झाली.

गाडीत असाल तर मात्र रेडिओ. फिलीजचे स्कॉट फ्रँझकी आणि ईगल्सचे मेरिल रीस (१९७७ पासून तोच आवाज) ही या शहराची खरी संपत्ती आहे. रेडिओवर बेसबॉल जास्त उमगतो, असं माझं अनुभवाचं मत आहे, कारण मधला वेळ समालोचक भरून देतो. नवख्या माणसाने एक पूर्ण सामना तरी असा ऐकावा.

रविवारचं काय करायचं ते संघ कुठे खेळतोय यावर ठरतं. बहुतेक वेळा एकचा फुटबॉल सामना चारपर्यंत संपतो आणि बेसबॉल रात्री असतो, म्हणजे दोन्ही मिळतात. १ नोव्हेंबर २००९ ला तसंच झालं: दुपारी ईगल्सनी जायंट्सना ४०-१७ धुतलं, रात्री रस्त्यापलीकडे वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना, यांकीजविरुद्ध. त्या रात्री जॉनी डेमनने एकाच धावेत दुसरा आणि तिसरा असे दोन बेस चोरले, कारण बचाव एका बाजूला सरकल्याने तिसरा बेस मोकळा पडला होता. अशा गोष्टीसाठी डोळे ताजे लागतात. दुपारभर फुटबॉल बघून दमला असाल तर मध्ये तासभर बाहेर फिरून या. रविवारी रात्री दोन्ही एकदम आले, तर वर सांगितलंच आहे.

आणि फिलीज बाहेर पडले की? मोकळ्या मनाने फुटबॉल बघा. फक्त वर्ल्ड सिरीजच्या शेवटच्या दोन-तीन रात्री राखून ठेवा, संघ कोणतेही असोत. २७ ऑक्टोबर २०२५ ला डॉजर्स आणि टोरँटोचा तिसरा सामना १८ इनिंग चालला, साडेसहा तासांहून जास्त. त्या रात्री सोमवारचा फुटबॉल सामना सुरू होऊन संपला, घरोघरी दिवे मालवले गेले, तरी तो चालूच होता. फ्रेडी फ्रीमनने होमरन मारून संपवला तेव्हा आमच्याकडे पहाटेचे तीन वाजायला आले होते. मी आणि मुलगी, दोघंच जागे. दुसऱ्या दिवशी तिची शाळा होती. मी तिला झोप म्हटलं नाही.

खेळाडूंनाही हा पेच सुटलेला नाही, हे जाता जाता सांगतो. डिऑन सँडर्स ११ ऑक्टोबर १९९२ ला दुपारी मायामीत अटलांटाच्या फुटबॉल संघाकडून खेळला आणि तिथून विमानाने पिट्सबर्गला जाऊन त्याच रात्री अटलांटाच्या बेसबॉल संघाच्या गणवेशात डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बाकांवर) बसला. फुटबॉलचा सामना त्याचा संघ हरला आणि बेसबॉलमध्ये त्याला उतरवलंच नाही. मैदानांचेही असेच हाल. ओकलंडमध्ये दोन्ही संघ एकाच मैदानावर खेळायचे. २०१३ च्या ऑक्टोबरात शनिवारी रात्री बेसबॉलचा प्लेऑफ झाला आणि रविवारी रेडर्स या फुटबॉल संघाचा सामना होता. माउंड (पिचरचा उंचवटा) काढून, खुर्च्या हलवून मैदान बदलायला वेळ मिळावा म्हणून तो सामना रात्री ८:३५ ला सुरू केला. इकडे पूर्व किनाऱ्यावर तेव्हा ११:३५ झाले होते. त्याच वर्षी बॉल्टिमोरमध्ये सुपर बोल विजेत्या रेव्हन्सना हंगामाचा पहिला सामना घरी हवा होता. त्या रात्री ओरिओल्सचा बेसबॉल सामना होता, पार्किंग एकच. ओरिओल्स हलले नाहीत आणि विजेत्यांना सलामीला डेन्व्हरला जावं लागलं. मला त्यात ओरिओल्सचंच बरोबर वाटतं. वेळापत्रक त्यांचं आधी ठरलेलं होतं.

पुण्यातल्या भावाचं काम खरं तर तुमच्यापेक्षा सोपं आहे. इथे रविवारी दुपारी एकला सुरू होणारा फुटबॉल सामना त्याला रात्री साडेदहाला दिसतो, जेवून निवांत बघता येतो. रात्री आठचा बेसबॉल सामना त्याच्याकडे पहाटे साडेपाचला लागतो, म्हणजे चहाबरोबर सुरू आणि ऑफिसला निघायच्या आत शेवटच्या इनिंग. त्याने फक्त नोव्हेंबरचा पहिला रविवार लक्षात ठेवावा. त्या दिवशी इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि तिकडे सगळं तासाभराने उशिरा दिसायला लागतं. तोवर बेसबॉल बहुतेक संपलेला असतो, पण एकचा फुटबॉल सामना साडेदहाऐवजी साडेअकराला सुरू होतो, आणि सोमवारी त्याला कामावर जायचं असतं.

तुम्ही स्वतः यंदा एक साधी वही घ्या, स्कोअरबुक नसलं तरी चालेल. सगळा सामना लिहू नका, नवख्याला ते जमत नाही. सातव्या इनिंगपासून प्रत्येक बॅटरचं नाव आणि त्याला आलेले चेंडू, एवढंच: बॉल, स्ट्राइक, फाउल. पेन हातात असलं की रिमोट हातात राहत नाही. काही अडलं तर पानाचा फोटो पाठवा, मी बघून सांगीन.